शर्यतवेडा सोइचिरो होंडा

आमच्या जिन्याखाली वडिलांची एक जुनी कायनेटिक होंडा उभी आहे. वडील ती विकतही नाहीत आणि चालवीतही नाहीत. लहानपणी तिच्यावर बसून मी मनातल्या मनात पुण्यापर्यंत जाऊन आलो आहे. कायनेटिक म्हणजे पुण्याचे फिरोदिया, हे आम्हां हैदराबादच्या मराठी घरांतून सर्वांना ठाऊक असते. पण मागचा शब्द, होंडा, हे एका माणसाचे आडनाव आहे हे मला अकरावीत जाईपर्यंत माहीत नव्हते. मला ते यंत्राच्या एखाद्या जातीचे नाव वाटे, पंप किंवा डायनामो असते तसे. १९८४ साली या जपानी कंपनीने फिरोदियांच्या कायनेटिकशी भागीदारी केली, त्याच वर्षी हीरोशीही केली, आणि ते नाव आपल्याकडच्या गल्लीबोळांत शिरले. त्या नावाचा माणूस तोवर निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती.

मला गाड्यांच्या शर्यतींचे वेड आहे. (शर्यत मी प्रत्यक्ष एकही पाहिलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.) तेव्हा वार्षिकासाठी लेख लिहायचा तर होंडाच्या स्पोर्ट्‌स मोटारींवर, असे ठरवून मी वाचायला बसलो. वाचता वाचता मोटारींच्या मागे एक हट्टी म्हातारा दिसू लागला, त्याच्या मागे एक हिशेब पाहणारा माणूस दिसू लागला, आणि लेखाची गाडी वेगळ्याच रस्त्याला लागली.

सोइचिरोचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानच्या शिझुओका प्रांतात, हामामात्सु शहराजवळच्या कोम्यो या खेड्यात झाला. वडील गिहेई लोहार, आई मिका विणकाम करी. पुढे वडिलांनी लोहारकामाच्या जोडीने सायकली दुरुस्त करायला सुरुवात केली. इथे मला आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते. त्यांचाही उद्योग १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासूनच सुरू झाला. आपल्या या अंकाच्या दोन्ही विभागांना त्यांच्यावर सारखाच हक्क सांगता येईल! असो.

खेड्यात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा हा पोरगा तिच्यामागे धावत सुटला, आणि ती थांबली होती तिथे जमिनीवर सांडलेल्या तेलाचा वास त्याने बोटांना लावून घेतला, अशी हकीकत ते म्हातारपणीही सांगत. १९१७ साली आर्ट स्मिथ नावाचा अमेरिकन वैमानिक हामामात्सुला विमानाच्या कसरती करायला आला. सोइचिरो घरी न सांगता वडिलांची सायकल घेऊन वीस किलोमीटर गेला. पायडलवर पाय पुरत नव्हते, म्हणून दांड्याखालून पाय घालून त्याने ती चालवली. तिकिटाला पैसे कमी पडले, तेव्हा पाइनच्या झाडावर चढून त्याने विमान पाहिले.

पंधराव्या वर्षी, १९२२ साली, तो तोक्योला आर्ट शोकाई नावाच्या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. आपल्याकडे गोशामहलच्या बाजूला गॅरेजमधली पोरे मालकाला उस्ताद म्हणतात. पहिले वर्षभर त्यांना चहा आणायचे आणि पाना धरायचे काम असते. सोइचिरोच्या वाट्याला तेही आले नाही. त्याने पहिले कित्येक महिने मालकाचे तान्हे मूल पाठीला बांधून सांभाळले. युझो साकाकिबारा हे त्याचे उस्ताद मात्र चांगल्यापैकी होते. त्यांना शर्यतींचा नाद होता, आणि त्यांनी तो या पोराला लावला. १९२३ च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाले, कारखान्यातले बरेच लोक आपापल्या गावी गेले, आणि मागे उरलेल्या चारदोघांत सोइचिरो होता. त्यामुळे जे शिकायला पाच वर्षे लागली असती ते त्याला वर्षभरात शिकायला मिळाले.

याच काळात साकाकिबारांनी एक विलक्षण गाडी बांधायला घेतली. कर्टिस या अमेरिकन विमानाचे जुने इंजिन मिचेल नावाच्या मोटारीच्या सांगाड्यावर बसवायचे, असा हा खटाटोप. पुष्कळसे भाग हाताने घडवावे लागले, आणि सोइचिरोने चाकांचे आरेसुद्धा स्वतः तयार केले. २३ नोव्हेंबर १९२४ रोजी झालेल्या शर्यतीत मालकाचे धाकटे भाऊ चाक धरून बसले आणि शेजारी मेकॅनिक म्हणून सतरा वर्षांचा, खरे तर नुकताच अठरा झालेला सोइचिरो बसला. ती शर्यत त्यांनी जिंकली. मला वाटते, या माणसाच्या आयुष्यातले पुढचे सगळे त्या एका दिवसात ठरून गेले.

१९२८ साली त्यांनी हामामात्सुला आर्ट शोकाईची शाखा काढली. धंदा चांगला चालला, हाती पैसा आला, आणि आलेला पैसा फोर्डचे इंजिन घातलेल्या शर्यतीच्या गाडीवर खर्च होऊ लागला. ७ जून १९३६ रोजी तोक्योजवळ तामागावा नदीच्या काठी नव्या शर्यतमार्गाचे उद्‌घाटन होते. होंडा स्वतः गाडी चालवीत होते, शेजारी धाकटा भाऊ बेंजिरो. पुढे होते, वेगात होते, आणि एवढ्यात दुरुस्तीसाठी थांबलेली दुसरी गाडी अचानक समोर आली. होंडांची गाडी उलटीपालटी होऊन गेली. त्यांचा खांदा निखळला, मनगट मोडले, चेहरा सोलवटला. बेंजिरोच्या पाठीचा कणा मोडला. तो वाचला; पण पुढे घरच्यांच्या विनवण्यांपुढे होंडांना शर्यतीत स्वतः चाक धरणे सोडावे लागले. चाक सुटले तरी शर्यत काही सुटली नाही. त्यानंतर गाड्या त्यांच्या असत आणि चालवणारे दुसरे.

मधली दहा वर्षे मी भराभर सांगतो. पिस्टनची रिंग बनवण्याचा उद्योग त्यांनी काढला. रिंगा जमेनात, कारण धातूशास्त्र येत नव्हते. मग तिशीतला हा कारखानदार हामामात्सुच्या तंत्रशाळेत मुलांबरोबर बसू लागला. हवे तेवढेच तास ऐकायचे आणि परीक्षेला बसायचे नाही, या वागण्यामुळे शाळेने त्यांना काढून टाकले. (आपल्यापैकी कुणी हा मार्ग अवलंबू नये, निदान हजेरीचे नियम आहेत तोवर.) टोयोटाकडे तपासणीला पाठवलेल्या पन्नास रिंगांपैकी तीनच पास झाल्या. पुढे त्या जमल्या, युद्धात कारखाना वाढला, आणि जानेवारी १९४५ च्या भूकंपात इवाताचा कारखाना कोसळला. युद्ध संपल्यावर होंडांनी आपला हिस्सा टोयोटाला विकला आणि वर्षभर काहीही न करता काढले.

१९४६ साली त्यांना लष्कराच्या बिनतारी संचांबरोबर येणारी छोटी जनरेटर इंजिने पडून असलेली सापडली. ती त्यांनी सायकलला जोडली. पेट्रोल मिळत नव्हते, आगगाड्या खच्चून भरलेल्या, आणि लोक धान्य आणायला दूरच्या खेड्यांत सायकलने जात होते. पहिली इंजिनाची सायकल त्यांनी पत्नी साची यांना चालवायला दिली. बाईमाणसाला जमली तर सर्वांना जमेल, हा त्यामागचा विचार. साचीबाईंचे पुढे म्हणणे असे की, भर रस्त्यातून आपल्याला जाहिरातीसारखे फिरवले. २४ सप्टेंबर १९४८ रोजी दहा लाख येन भांडवलावर होंडा मोटर कंपनी उभी राहिली.

आणि पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा आले.

गाड्यांच्या पुस्तकांतून यांच्यावर दोनचार ओळी असतात. मी कॉमर्सचा विद्यार्थी असल्यामुळे असेल, पण त्या दोनचार ओळींपाशीच मी अडकलो. फुजिसावा होंडांपेक्षा चार वर्षांनी लहान. त्यांनी इंजिन कधी बनवले नाही. दोघांत वाटणी अशी झाली की यंत्राचे होंडांनी पाहायचे आणि पैशाचे फुजिसावांनी. जपानमध्ये सहीऐवजी शिक्का चालतो, आणि कंपनीच्या अध्यक्षाचा शिक्का अध्यक्षांकडे नसून फुजिसावांकडे असे. होंडांनी तो कधी हातातही धरला नाही म्हणतात. दोघांनी आणखीही एक ठरवले होते, की आपली मुले या कंपनीत आणायची नाहीत.

१९५२ साली सायकलला लावायचे नवे इंजिन तयार झाले तेव्हा विकायला दुकाने नव्हती. फुजिसावांनी देशभरातल्या पन्नास हजारांवर सायकल दुकानदारांना पत्रे लिहिली. किरकोळ किंमत २५,००० येन, दुकानदाराला १९,००० ला, मात्र पैसे आधी बँकेत भरायचे. माल पाहण्याआधी पैसे! तरी हजारो दुकानदारांनी ते भरले. उधारीचे आणि खेळत्या भांडवलाचे जे धडे आम्ही वर्गात पाठ करतो, ते या माणसाने टपालाने सोडवले.

दोनच वर्षांनी मात्र कंपनी बुडायच्या बेतात आली. चाळीस कोटी येनहून अधिक किमतीची यंत्रे परदेशांतून मागवलेली, तीही भांडवलाच्या कितीतरी पट. नवी स्कूटर चालेना, मोठ्या मोटारसायकलच्या तक्रारी येऊ लागल्या, आणि हुंड्या भरण्याच्या तारखा जवळ आल्या. नेमक्या अशा वेळी, मार्च १९५४ मध्ये, होंडांनी जाहीर केले की आपण इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत उतरणार आणि जिंकणार. टीटी म्हणजे त्या काळी मोटारसायकलींचे पंढरपूर. मला पहिल्यांदा वाचताना हा शुद्ध वेडेपणा वाटला. पण फुजिसावांनी त्यांना अडवले नाही, उलट साथ दिली. एका बाजूला ते बँकेची मनधरणी करीत होते, कामगार संघटनेपुढे उभे राहून खरी परिस्थिती सांगत होते, आणि दुसऱ्या बाजूला या स्वप्नाचा गाजावाजाही करीत होते. निराश कारखान्याला पगाराइतकीच आणखी कशाची तरी गरज असते, हे त्यांना कळले असावे.

जूनमध्ये होंडा टीटी पाहायला गेले आणि हादरले. जर्मनीच्या एनएसयू गाड्या तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून त्यांच्या तिप्पट ताकद काढीत होत्या. ते येताना युरोपातून कार्ब्युरेटर, साखळ्या, टायर असे पुष्कळ सामान घेऊन आले. प्रत्यक्ष भाग घ्यायला १९५९ उजाडले. त्या वर्षी १२५ सीसी वर्गात नाओमी तानिगुची सहावा आला आणि संघाचे पारितोषिक होंडाला मिळाले. १९६१ साली माइक हेलवुडने १२५ आणि २५० अशा दोन्ही शर्यती जिंकल्या, आणि दोन्हींत पहिले पाचही क्रमांक होंडाचे. त्याच वर्षी जर्मनीत हॉकेनहाइमला कुनिमित्सु ताकाहाशी हा एकवीस वर्षांचा मुलगा होंडावर बसून जागतिक शर्यत जिंकणारा पहिला जपानी स्वार ठरला. हे नाव लक्षात ठेवावे, शेवटी पुन्हा येणार आहे.

आता मोटारींकडे वळतो. १९६१ च्या सुमारास जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांची संख्या मर्यादित ठेवण्याचा घाट घातला. कायदा होण्याआधी ज्यांनी मोटार बनवली नसेल त्यांना दार बंद. होंडांचा संताप अनावर झाला. सरकार आपले भागधारक नाही, मग आपण काय बनवायचे हे त्यांनी का सांगावे, असा त्यांचा सवाल होता. तो कायदा पुढे बारगळला, पण घाईघाईने मोटार बनवणे भाग पडले होते. पहिली आली ती टी ३६० ही छोटी मालवाहू गाडी, ऑगस्ट १९६३ मध्ये, आणि तिच्यात इंजिन घातले शर्यतीच्या मोटारसायकलींच्या घराण्यातले! भाजीच्या टोपल्या वाहणारे वाहन मिनिटाला साडेआठ हजार फेरे घेत होते.

खरी हौस होती ती दोन जणांच्या उघड्या स्पोर्ट्‌स मोटारीची. तिचा पहिला नमुना, एस ३६०, जून १९६२ मध्ये सुझुका येथे विक्रेत्यांपुढे होंडांनी स्वतः चालवून दाखवला. सुझुकाचा शर्यतमार्ग तेव्हा अपुरा होता. त्याची जागा निवडताना भातशेती मोडू नका असे त्यांनी बजावले होते. गाडी लाल रंगाची हवी होती, आणि लाल रंग जपानमध्ये अग्निशामक गाड्यांसाठी राखीव. जगात कुठल्याही सरकारने रंगावर मक्तेदारी सांगितलेली नाही, असे होंडांनी वर्तमानपत्रांतून सुनावले, आणि परवानगी मिळाली. ऑक्टोबर १९६३ मध्ये एस ५०० बाजारात आली. ५३१ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, ४४ अश्वशक्ती, आणि मागच्या चाकांना ताकद नेणारी साखळी, मोटारसायकलसारखी. किंमत ओळखा अशी स्पर्धा कंपनीने लावली, तिला सुमारे ५७ लाख उत्तरे आली. उत्तर होते ४,५९,००० येन. जाहिरातीचा खर्च आणि मिळालेली प्रसिद्धी यांचा ताळेबंद कुणी मांडला असेल तर मला तो पाहायला आवडेल.

लगेच १९६४ च्या मार्चमध्ये ६०६ सीसीची एस ६०० आली, ५७ अश्वशक्तीची, आणि १९६६ साली ७९१ सीसीची एस ८००, ताशी १६० किलोमीटर धावणारी. कागदावरचे हे आकडे लहान वाटतात. पण त्या वेळच्या एवढ्याशा गाड्यांची इंजिने साधी, सोशीक आणि मंद असत. हे इंजिन घड्याळासारखे बारीक आणि शिट्टीसारखे तीव्र होते. मे १९६४ च्या जपान ग्रां प्रीत एस ६०० ने सुझुकाला आपला वर्ग जिंकला. त्याच वर्षी जर्मनीत न्यूर्बुर्गरिंगच्या पाचशे किलोमीटरच्या शर्यतीत डेनी हल्मने ती चालवली आणि आपल्या वर्गात पहिला आला. हल्म तीन वर्षांनी जगज्जेता झाला.

या गाडीवर हात चालवणारे पुष्कळ निघाले. सिलिंडर घासायचे, कार्ब्युरेटर बदलायचे, पत्र्याऐवजी फायबरचे अंग बसवून वजन उतरवायचे. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे तोजिरो उकिया या तरुणाची काळ्या रंगाची एस ६००. तिला लोक कारासु म्हणत, म्हणजे कावळा. जुलै १९६५ मध्ये हाच उकिया फुनाबाशीच्या शर्यतीत टोयोटा स्पोर्ट्‌स ८०० चालवीत होता. ही होंडाची प्रतिस्पर्धी, दोनच सिलिंडरची, पण फार हलकी. टक्कर होऊन तो सोळाव्या क्रमांकावर फेकला गेला आणि तिथून एकेकाला मागे टाकीत पहिला आला. महिन्याभराने सुझुकाला सराव करताना मार्गावर चालणाऱ्या माणसांना वाचवायला त्याने गाडी वळवली, आणि तो गेला. वय तेवीस. आमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा.

याच काळात होंडा फॉर्म्युला वनमध्ये उतरले होते. ऑगस्ट १९६४ मध्ये पहिली शर्यत, म्हणजे रस्त्यावरची पहिली मोटार विकल्याला वर्षही झाले नव्हते. २४ ऑक्टोबर १९६५ रोजी मेक्सिकोत रिची गिंथरने होंडाला पहिला विजय मिळवून दिला. १९६७ साली इटलीत मोंझाला जॉन सर्टीज जिंकला.

आता मला सांगायला जड जाणारा भाग. इंजिन तापते, ते थंड करायला त्याभोवती पाणी खेळवतात आणि ते पाणी पुढे वाऱ्याने थंड होते. होंडांचे म्हणणे असे की, शेवटी वाराच थंड करणार तर मध्ये पाणी कशाला? पाणी गळते, गोठते, वजन वाढवते. युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. मोटारसायकलला तो लागूही पडतो, कारण तिचे इंजिन उघड्यावर असते. मोटारीचे इंजिन झाकलेले असते आणि मोठे असते, तिथे वारा सगळीकडे सारखा पोचत नाही. हाताखालचे तरुण इंजिनियर हे सांगत होते. होंडा ऐकत नव्हते. वर्कशॉपमध्ये त्यांचा राग प्रसिद्ध होता. हातात असेल ते हत्यार फेकून मारण्याइतका.

१९६८ साली त्यांच्या आग्रहाखातर वाऱ्याने थंड होणारी फॉर्म्युला वन गाडी तयार झाली, आरए ३०२. वजन कमी करण्यासाठी तिच्या अंगात मॅग्नेशियम वापरले होते, आणि मॅग्नेशियम पेटले म्हणजे विझत नाही. सर्टीजने गाडी चालवून पाहिली आणि ती शर्यतीला योग्य नाही असे सांगून चालवायला नकार दिला. तरीही होंडाच्या फ्रान्समधल्या शाखेमार्फत ती रूआँच्या शर्यतीत उतरवली गेली आणि जो श्लेसर या चाळीस वर्षांच्या फ्रेंच चालकाला दिली गेली. ७ जुलै १९६८, पाऊस पडत होता. तिसऱ्या फेरीत उतारावरच्या वळणावर गाडी बांधावर आदळली. टाकी पेट्रोलने भरलेली होती. श्लेसर तिथेच जळून गेला. शर्यत चालूच राहिली, आणि सर्टीज आपल्या पाण्याच्या होंडावर दुसरा आला. वर्षअखेरीस होंडाने फॉर्म्युला वन सोडले.

चरित्रे वाचताना हा प्रसंग अर्ध्या पानात संपतो आणि लगेच पुढच्या यशाचे प्रकरण सुरू होते. मला तसे पुढे जाता येईना. अपघात कुणाच्याही गाडीला होतात, त्या काळी तर वरचेवर होत, हे खरे. पण जाणकार चालकाने नाकारलेली गाडी दुसऱ्याच्या हाती देणे हा अपघात नव्हे. बत्तीस वर्षांपूर्वी तामागावाला ज्याच्या शेजारी भाऊ कणा मोडून पडला, त्याला हे कळायला हवे होते असे मला वाटते. आमच्या घरात यावर वाद झाला. वडिलांचे मत असे की, हट्ट नसता तर होंडाही नसता. असेल. पण हट्टाची किंमत दुसऱ्याने भरली, ती कुठल्या खात्यावर लिहायची?

एवढे होऊनही होंडा वाऱ्यालाच धरून बसले. १९६९ साली होंडा १३०० ही मोटार निघाली, तीही वाऱ्याने थंड होणारी, आणि ती जड, महाग व अपेशी ठरली. अमेरिकेत धुराविरुद्धचा कायदा येऊ घातला होता, आणि पाण्याशिवाय इंजिनाचे तापमान काबूत ठेवून धूर कमी करणे अशक्य, हे तरुणांना स्वच्छ दिसत होते. त्यांच्यातल्या तादाशी कुमे यांनी तर निषेध म्हणून काही काळ कामावर येणेच सोडले. अखेर ही मंडळी फुजिसावांकडे गेली. वीस वर्षांत यंत्राच्या बाबतीत फुजिसावांनी तोंड उघडले नव्हते. त्या दिवशी त्यांनी होंडांना एवढेच विचारले, की तुम्हांला कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहायचे आहे की इंजिनियर म्हणून? होंडा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की अध्यक्ष म्हणून राहावे हेच बरे. तर मग पाण्याचे इंजिन बनवायची मुभा द्याल ना, असे फुजिसावांनी विचारले. त्यांनी दिली.

त्यातून १९७२ ची सिव्हिक आली, आणि धुराच्या कायद्यात बसणारे सीव्हीसीसी इंजिन आले. अमेरिकेच्या बड्या कंपन्या हे जमणारच नाही म्हणत असताना ते जमले. होंडा खूश होऊन बोलून गेले की आता त्या बड्यांवर मात करता येईल. तरुण इंजिनियरांना ते रुचले नाही. आपण हे पुढच्या पिढीच्या श्वासासाठी करतो आहोत, असे त्यांनी सांगितले. होंडांनी पुढे कबूल केले की, आपण म्हातारे झालो हे त्यांना तेव्हा कळले. १९७३ च्या ऑक्टोबरात होंडा आणि फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. वय सहासष्ट आणि बासष्ट.

निवृत्तीनंतर होंडांनी केलेली गोष्ट मला त्यांच्या सगळ्या विजयांहून मोठी वाटते. देशभर कंपनीची शेकडो ठिकाणे होती, कारखाने, दुकाने, दुरुस्तीच्या लहानशा शेडसुद्धा. त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन ते प्रत्येक कामगाराशी हस्तांदोलन करीत सुटले. याला दीड वर्ष लागले. एका जागी एक पोरगा हात तेलकट आहेत म्हणून धुवायला पळू लागला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवून तोच हात धरला आणि त्या तेलाचा वास घेतला. त्यांच्या स्वतःच्या डाव्या हातावर इतके व्रण होते की त्यांनी त्या हाताचे चित्र काढून कुठली जखम कशाची ते लिहून ठेवले होते.

मुलगा हिरोतोशी ठरल्याप्रमाणे कंपनीत आला नाही. पण रक्त कुठे जाते? त्याने १९७३ सालीच मुगेन नावाचा स्वतःचा कारखाना काढला. धंदा काय, तर होंडाची इंजिने घेऊन ती शर्यतीसाठी आणखी तेज करायची.

१९८३ साली होंडा कंपनी फॉर्म्युला वनमध्ये परतली, अर्थात पाण्याची इंजिने घेऊन. १९८८ साली मॅक्लारेनच्या गाड्यांनी होंडाच्या इंजिनावर सोळांपैकी पंधरा शर्यती जिंकल्या. सोळावी, मोंझाची, गेली, कारण पुढे असलेल्या आयर्टन सेनाची गाडी एका मागे पडलेल्या गाडीला लागली. ती गाडी चालवीत होता ज्याँ-लुई श्लेसर. रूआँला गेलेल्या जो श्लेसरचा पुतण्या. मी हे दोनदा तपासून पाहिले.

१९९० साली एनएसएक्स आली. अॅल्युमिनियमचे अंग, चालकाच्या पाठीमागे तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन. नमुना तयार होता तेव्हा सेनाने सुझुकाला ती चालवून अंग थोडे कमकुवत वाटते असे सांगितले, आणि या वेळी चालकाचे ऐकले गेले. गाडी पुन्हा जर्मनीला नेऊन मजबूत केली. पुढे १९९२ साली तिची सुमारे १२० किलोने हलकी केलेली आवृत्ती निघाली, एनएसएक्स आर. ती पाहायला होंडा नव्हते. ५ ऑगस्ट १९९१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, यकृताच्या विकाराने ते वारले होते. कंपनीने मोठी अंत्ययात्रा काढू नये, मोटार बनवणाऱ्या माणसामुळे रस्त्यावर वाहने अडकून पडणे बरे नव्हे, असे त्यांनी सांगून ठेवले होते. सहा दिवसांनी हंगेरीच्या शर्यतीत सेनाने दंडाला काळी फीत बांधली आणि ती शर्यत जिंकली.

१९९५ साली फ्रान्समध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एक एनएसएक्स उतरली. पाऊस होता, रात्रभर होता. तिघे जण आळीपाळीने चालवीत होते, केइची त्सुचिया, अकिरा इइदा आणि ज्यांच्या नावाचा तो संघ होता ते कुनिमित्सु ताकाहाशी. हॉकेनहाइमचा तो एकवीस वर्षांचा मुलगा आता पंचावन्न वर्षांचा होता. गाडी एकूण आठवी आली आणि आपल्या वर्गात पहिली.